दहापैकी किती दुखतंय?

आज वेदनातज्ज्ञ डॉक्टरांच्या आमच्या संघटनेत नव्या अध्यक्षा आल्या. मी संघटनेचं शहरातलं, तुकोगंज भागातलं ऑफिस सांभाळते. भाषणात मॅडम म्हणाल्या, "दहापैकी किती दुखतंय, हे पेशंटला विचारा. तो सांगेल तो आकडा खरा माना."

कार्यक्रम संपल्यावर मी सिमरोलला, आमच्या गावी, आईला फोन लावला. ती तिथल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते आणि भिंत धरून जिना चढते.

"आई, गुडघे दहापैकी किती दुखतात?"

"ग्रॅज्युएट झालीस म्हणून माझी परीक्षा घेतेस काय? बस, लिही दोन." मग हळूच म्हणाली, "आणि तुझं? तिकडे एकटीला करमतं का?"

"माझंही दोनच."

मॅडमच्या नियमाने दोघींचेही आकडे खरे मानायचे. पण आईचे दोन मला खरे वाटले नाहीत, आणि माझे बहुधा तिलाही नाहीत.

तुम्ही घरी कोणता आकडा सांगता?