फाइल कोणी जोडली?

मुलांनो, आमचा वरच्या खोलीतला भाडेकरू दिग्रसला बसून दूरच्या कंपनीसाठी क्लाउडचे, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या संगणकांचे, आराखडे लिहितो. आराखड्यात प्रत्येक भागाची व्याख्या लिहायची आणि त्याला लागणारी फाइल तिथेच जोडायची, असं त्याचं काम. माणूस इतका हळुवार, की मी दुपारी झोपलेली असले तर चपला हातात घेऊन जिना उतरतो.

काल वरचं नेट गेलं म्हणून तो लॅपटॉप घेऊन आमच्या व्हरांड्यात बसला होता. एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "आजी, मोठा घोळ करून बसलो! फाइल जोडलीच नाही, नुसता माह्या लॅपटॉपवरचा तिचा पत्ता लिहून ठेवला. माह्याकडं सारं चालून राह्यलं, अन् तिकडं ज्या दवाखान्यासाठी आराखडा होता, त्याचं अख्खं काम बंद पडलं."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. तो शांतपणे इंग्रजीत म्हणाला, की तो भाग त्याच्या हाताखालच्या नव्या मुलीनं लिहिला होता. थोडं ऐकून पुढे म्हणाला, "हो, काढून टाका तिला." मला इंग्रजी कळतं, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्यानं फोन ठेवला.

"अरे, तिचा काय दोष?" मी कसंबसं विचारलं.

तो क्षणभर चपापला. मग म्हणाला, "भेटते तिले दुसरी नोकरी, आजी. हुशार हाये पोरगी. मीच तं शिकवलं तिले."