पुरुषांनी बाहेर व्हा!

फुएन्सांताचा राग आमच्या गावात प्रसिद्ध. नवऱ्याने एकदा तिच्या बहिणीला नावं ठेवली, तर बाईने त्याला वर्षभर बिनमिठाची मसूर खाऊ घातली. तीच फुएन्सांता सोलेदादमातेपुढे मात्र गरीब गाय व्हायची.

सोलेदाद म्हणजे एकटेपण. मुलाच्या, येशूच्या, मरणानंतर एकटी उरलेली ही मरिया आमच्या जुन्या चर्चमध्ये काळ्या मखमलीत उभी असते. तिचा पोशाख बदलणं हे बायकांचं काम, आणि त्या बायकांत फुएन्सांताचा शब्द शेवटचा. ती दारातून ओरडायची, "पुरुषांनी बाहेर व्हा!" मग फादर असोत की महापौर, निमूट बाहेर, आणि आतून कडी. कारण मातेचा चेहरा आणि हात तेवढे कोरलेले. मखमलीखाली नुसता लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. हे सगळ्या पुरुषांना ठाऊक होतं आणि एकानेही बघितलेलं नव्हतं. आईला उघडी कोण बघतं?

लेआंद्रोने बघितली होती. फुएन्सांताच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचा, रेमेदिओसचा हा मुलगा. लहानपणी त्याला ताप होता म्हणून रेमेदिओस त्याला कडेवर घेऊन पोशाखाच्या कामाला आली होती. बायका कुरकुरल्या, तेव्हा फुएन्सांताच म्हणाली, "असू दे गं. एवढंसं पोर, त्याला काय कळतंय!"

त्याला सगळं कळलं होतं. रेमेदिओस वारली, पोरगा माद्रिदला जाऊन नावाजलेला कलावंत झाला, आणि या हिवाळ्यात त्याने आमच्याच चर्चच्या कोनाड्यात आपली कलाकृती मांडली. पट्ट्यांचा उघडा सांगाडा, वर गुलाबी प्लास्टिकचा चेहरा, पोटात निळी ट्यूबलाइट. नाव दिलं 'आत कोणी नाही'. बघायला लोक येतील, छपराच्या दुरुस्तीची सोय होईल, म्हणून फादर एलादिओंनी मान डोलावली.

गावात रण माजलं. बायका पायऱ्यांवर बसून जपमाळ ओढू लागल्या, तरणी पोरं सांगाड्याला खेटून फोटो काढू लागली. बारमध्ये ऑलिव्ह चघळत एक जण म्हणाला, "कला आहे ती, तुम्हाला नाही कळायची." दुसरा म्हणाला, "तुझ्या आईला अशी उभी कर चौकात, मग बघू कला." खुर्च्या उडाल्या. माद्रिदकर मात्र बस भरभरून येत राहिले.

फुएन्सांताने जप केला नाही. ती थेट लेआंद्रोसमोर जाऊन उभी राहिली.

"काढ ते."

"मावशी, मी कुणाचा अपमान केला नाही. जे आहे तेच दाखवलंय."

"आईच्या कडेवरून बघितलंस ना रे? त्या कडेची तरी लाज राखायचीस."

"आईला आवडलं असतं."

हे त्याने बोलायला नको होतं. फुएन्सांताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आरडाओरडा केला की हा आणखीच मोठा होणार, एवढं तिला कळत होतं. तिला त्याची जिरवायची होती, तीही त्याच्या पाहुण्यांदेखत.

रविवारी माद्रिदची बडी मंडळी कोनाड्यापुढे जमली. लेआंद्रो हातवारे करून समजावून सांगत होता. तेवढ्यात फुएन्सांता चार बायका आणि मखमलीचं गाठोडं घेऊन आली आणि दारातून कडाडली, "पुरुषांनी बाहेर व्हा! मातेचा पोशाख बदलायचाय!"

आणि बाप्ये निघाले की हो! महापौर निघाला, पोलीस निघाला, फादर तर सगळ्यांच्या पुढे. जन्माची सवय ती, डोक्याआधी पाय चालतात. लेआंद्रोसुद्धा पार अंगणात येऊन पोचला, तेव्हा कुठे भानावर आला. मागे फिरून तो दारावर धडका मारू लागला. गावकऱ्यांनी त्याला दंडाला धरून ओढलं.

"कुठं घुसतोस? पोशाख चालू आहे आत."

"अरे, प्लास्टिक आहे ते! माझं आहे!"

"असेल. पण आता पोशाख चढतोय ना तिच्यावर?"

दार उघडलं तेव्हा सांगाडा मातेच्या जुन्या काळ्या पोशाखात गुडूप झाला होता आणि ट्यूब विझली होती. आता तो पोशाख उतरवायचा तर बाईच्याच हाताने, आणि गावातली एकही बाई हलेना. पाहुण्यांतली एक बाई पुढे सरसावली. फुएन्सांताने तिच्याकडे नुसतं बघितलं, ती मागे सरली. पाहुणे हसत हसत जेवायला गेले, लेआंद्रो पडल्या चेहऱ्याने गाडीत बसला. त्या दुपारी फुएन्सांताने वाइनचा पेला काठोकाठ भरला. इतका गोड सूड तिला नवऱ्यावरही उगवता आला नव्हता.

पण पोशाख चढला की लोकांना माता दिसते. कोनाड्यात पहिली मेणबत्ती कुणी लावली, देव जाणे. मग एंग्रासियाच्या आजारी लेकीला उतार पडला आणि तिथे फुलांचा खच पडू लागला. ही माता तरुण आहे, लगेच ऐकते, असं बायका बोलू लागल्या. वेदीवरची खरी माता धूळ खात उभी.

फुएन्सांता फादरकडे धावली. "हलवा ते सोंग तिथून!"

"मी पडलो पुरुष," फादर म्हणाले, "मला कसा हात लावता येईल?"

मग ती स्वतःच पोशाख उतरवायला गेली. एंग्रासियाने तिचं मनगट धरलं. ही त्या रविवारच्या चौघींतलीच.

"हात लावून तर बघ, फुएन्सांता! माझी लेक वाचवलीय तिने."

"अगं, प्लास्टिक आहे ती!"

"आणि तुझी लाकडाची."

दर मे महिन्यात मातेला पांढरा पोशाख चढतो, तो दिवस आला. फुएन्सांता लेसला इस्त्री करून घेऊन गेली, तर चर्चचं दार बंद. बायका आत होत्या. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. अंगणात पुरुष नेहमीसारखे सिगरेटी ओढत उभे होते, आणि त्यांच्यात आपली कलाकृती परत न्यायला आलेला लेआंद्रोही.

तिने दार ठोठावलं. आतून एंग्रासिया ओरडली, "थांबा बाहेर!"

लेआंद्रो जवळ आला. "मावशी," तो हळूच म्हणाला, "आत कोण आहे?"

फुएन्सांताने त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. मग दोघंही दार उघडायची वाट बघत उभी राहिली.