मारोतरावांना कळवा

गेल्या महिन्यात एका सकाळी नांदेडहून फोन आला, प्रकाशच्या मुलीचा. "काका, बाबा गेले." माझा डावा कान माझ्या आधीच निवृत्त झालाय, आणि फोन नेमका त्याच कानाला. मी विचारलं, "कुठं?" मला वाटलं, विद्यापीठात गेला असेल, निवृत्तीनंतरही जायचाच. म्हटलं, "बरं, आला की म्हणावं आप्पाला फोन कर." तिला हुंदका फुटला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर गाढवपणा केला, पण त्या सकाळसारखा नाही...

डॉ. प्रकाश सोनकांबळे कंधार तालुक्यातला. वडील मारोती, विहिरी खणणारे मजूर. आम्ही दोघं लातूरच्या एकाच कॉलेजात शिकवायला लागलो, तो फिजिक्सला, मी मराठीला. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कलेक्टर आला, पाट्या बदलल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं. त्या दुष्काळात हा गडी काचेच्या पट्ट्या द्रावणात बुडवून त्यांच्यावर अर्धवाहकाचा पातळ, पिवळा थर चढवत बसायचा. उन्हापासून स्वस्तात वीज करायची, एवढंच वेड. "आप्पा, आपल्याकडं दुसरं काय हाय? ऊनच लई हाय," म्हणायचा. त्या द्रावणाला डिस्टिल्ड वॉटर लागायचं. त्याचा कॅन तो सोन्यासारखा जपायचा. एक दिवस स्टाफरूममध्ये प्यायला थेंब नव्हता, म्हणून मी त्या कॅनमधल्या पाण्याचा सगळ्यांना चहा पाजला आणि कॅन टँकरच्या पाण्यानं भरून ठेवला. मला वाटलं, पाणी ते पाणी. दुसऱ्या दिवशी थरावर पांढरे ठिपके. मी छताकडं बघत उभा. तो काहीच ओरडला नाही. "चहा तरी बरा झालता का?" म्हणाला, आणि ती पट्टी माझ्या हातात दिली. "घ्या आप्पा. हे तुमचं संशोधन."

पुढं पाणी मिळालं, थर नीट बसला, आणि पहिला पेपर परदेशी गेला. नाव त्यानं मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर होतं तसंच लिहिलं: सोनकांबळे प्रकाश मारोती. तिकडं शेवटी येतं तेच आडनाव. छापून आलं, एस. पी. मारोती. दुरुस्तीसाठी लिहिलं तर छापलेलं बदलत नाही म्हणाले. आणि नेमका तोच पेपर गाजला. जगभरचे लोक आपापल्या लेखांत मारोतींचा दाखला देऊ लागले. पुढचे पेपरही प्रकाशनं त्याच नावानं पाठवले. म्हणायचा, "पहिला एकटा पडंल की." आम्ही गावी जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं, तुमचं नाव जर्मनीत छापून आलंय. म्हातारा दचकला. "मला कामून वढलं रे त्यात? मी लोह्याच्या पल्याड गेलो न्हाई. पोलिसाचं तर काही न्हाई ना?"

नंतर प्रकाश नांदेडला विद्यापीठात गेला. तिथं प्रोफेसरची जागा निघाली. ती मिळाली असती तर स्वतःची लॅब, हाताखाली विद्यार्थी, आणि ते उन्हाचं काम पुढं सरकलं असतं. मुलाखतीला बाहेरून एक मोठे तज्ज्ञ आले होते. त्यांनी विचारलं, "या विषयात मारोतींचं काम पायाभूत आहे. वाचलंय का तुम्ही?" आणि आमचा प्रकाश, बापाचं नाव कानावर पडताच, सवयीनं बोलून गेला, "सर, ते माझे वडील."

"अरे, मग लगेच सांगायचं ना, मीच तो म्हणून!" मी नांदेडच्या स्टँडवर त्याच्यावर खेकसलो.

"सांगितलं ना. हसले सगळे. म्हणले, वडिलांचं आयतं आपल्या नावावर करून राहिलात."

विहिरी खणणाऱ्याच्या पोराला घराण्याच्या पुण्याईचा टोमणा! सोनकांबळे या नावापुढं दाखले शून्य. पुढच्या वेळी मी अक्कल चालवली. मराठीचा मास्तर ना मी, झोकदार शपथपत्र लिहून दिलं: 'सोनकांबळे व मारोती ही एकच व्यक्ती होय.' अर्ज द्यायला मीही बरोबर गेलो. कारकुनानं विचारलं, "मारोती सोनकांबळे हयात आहेत का?" म्हातारा तोवर गेला होता. मी प्रामाणिकपणे म्हटलं, "नाहीत." "मग अर्जदार मयत आहे," म्हणून त्यानं अर्ज परत सरकवला. त्या दिवशी प्रकाश पायऱ्यांवर बसून खूप हसला. इतका हसला की मला भीती वाटली... त्यानंतर त्यानं अर्ज केला नाही. ज्या खोलीत तो काम करायचा तिथं आता मोडक्या खुर्च्या ठेवतात.

कुणी आपल्या लेखात मारोतींचा दाखला दिला की मोबाइलवर निरोप येतो, अशी सोय हल्ली झालीय. त्याला ती नको होती, म्हणून मी माझ्या फोनवर करून घेतली. निरोप आला की मी नांदेडला फोन लावायचो, "मारोतरावांना कळवा." तो म्हणायचा, "कळवतो." शेवटी शेवटी नुसतं होकारापुरतं "हाव."

परवा पुन्हा निरोप आला. कोरियातल्या कुणीतरी मारोतींचं काम पुढं नेलंय. हातानं आपोआप नंबर लावला. पलीकडं त्याची मुलगी. "बोला काका."

मी म्हटलं, "चुकून लागला, बाळ."

मग टेबलावरची ती ठिपक्यांची पट्टी उचलली आणि खिडकीत धरली. तिच्यावर कुणाचंच नाव नाही. बाहेर ऊन लई होतं.