ओळंब्याची प्रदक्षिणा

राजानंद मिस्त्रींनी थापी धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकून दिली. ही बातमी मला त्यांच्या बायकोने, उषाबाईने, अंगणवाडीच्या दारात उभं राहून सांगितली. मी खिचडीचे तांदूळ निवडत होते. सूप तसंच हातात राहिलं.

"हात गेला म्हणतेत," उषाबाई म्हणाली. "तीन दिवस झाले, धड जेवले न्हाईत. तुमचं ऐकतेत, ताई. जरा येऊन बघा."

राजूरच्या अलीकडचं आमचं गाव. इथे सरळ भिंत म्हटली की ती मिस्त्रींची. माझी अंगणवाडीही त्यांनीच बांधली. तेव्हा मी त्यांचं काम रोज बघायची. आधी ओळंबा सोडायचा, म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. मग ते पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. तोवर कुणी बोलायचं नाही. शिंक आली तर लांब जाऊन द्यायची. ओळंबा निश्चल झाला की मगच थापीला हात. मजूर हसायचे, "मिस्त्री भिंत न्हाई बांधत, ध्यानाला बसतेत."

ध्यानाला ते खरंच बसायचे. पूर्वी कधीतरी दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते, तेव्हापासून रोज पहाटे एक तास. मी चतुर्थी धरते, राजूरला गणपतीच्या दर्शनाला जाते. एकदा ते मला म्हणाले होते, "ताई, तुम्ही देवापुढं उभ्या राहता, मी ओळंब्यापुढं. दोघांलाबी थांबायचंच असतं. पण खरं सांगू का, तासभर न हलता बसलं ना, की कळतं, आपल्यात थांबलेलं काहीच न्हाई. श्वास चालू, नाडी चालू, मन तर विचारूच नका. दुनियेत एकच वस्तू थांबते. माझा ओळंबा."

अशा माणसाने थापी ठेवली होती.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. माझी मुलगी तृप्ती सोबत होती. ती जालन्याला बी.एस्सी.ला आहे, सुट्टीत आली होती. मिस्त्री ओट्यावर बसले होते.  मी विचारल्यावर सगळं सांगितलं.

गावातल्या बद्रीनाथ शेटच्या कोरड्या विहिरीचं दगडी बांधकाम त्यांनी घेतलं होतं. साठ फूट खोल विहीर. गोल बरोबर यावा म्हणून वरच्या आडव्या गर्डरच्या मधोमध तार बांधून त्यांनी ओळंबा थेट तळापर्यंत सोडला. एवढ्या खोलीला नेहमीचा ओळंबा चालत नाही, म्हणून जालन्याहून दहा किलोचा लोखंडी गट्टू खाली टोकदार करून आणला होता. तो सोडताना क्रेनच्या बादलीचा धक्का लागला आणि तो झुलायला लागला.

"थांबंल म्हणून बसलो," मिस्त्री म्हणाले. "झोका पार तळाच्या एका पांढऱ्या दगडाकडं जाऊन राह्यला होता. म्हटलं तवर भाकर खाऊ. वर आलो, खाल्ली, जरा पडलो. दीड तासानं उतरलो तर झोका पांढरा दगड सोडून मूठभर बाजूला. म्हटलं कुणी हात लावला आसंल. पण खाली कुणीच गेल्तं न्हाई. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हातानं झोका देऊन पाह्यलं. पुन्हा सरकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बद्रीनाथ शेट वरून बघत होते. म्हणाले, मिस्त्री, तीन दिवसांत एक दगड न्हाई बसला. मंग मीच सांगून टाकलं, माझा हात कापतो, नजर गेली. दुसरा माणूस बघा."

"कुठल्या बाजूला सरकायचा, काका?" तृप्तीने विचारलं. तिचा आवाज एकदम बदलला होता.

"उजवीकडं."

"तिन्ही दिवस उजवीकडंच?"

"तिन्ही दिवस."

"प्रदक्षिणा घालतो तसा?"

मिस्त्रींनी बोटाने हवेत गोल काढला आणि मान हलवली. तृप्ती उठून उभी राहिली. माझ्या पोरीला मी इतकं खूश बारावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं.

"काका, हात कापला असता तर कधी उजवीकडं गेला असता, कधी डावीकडं. तुमचा हात न्हाई हलला. नजरबी न्हाई गेली. झोका आपल्या जागी व्हता. विहीर फिरली."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. पोरगी बरी आहे ना, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

तृप्तीने उषाबाईकडून परात मागून घेतली आणि जमिनीवर ठेवली. कुलपाची किल्ली दोऱ्याला बांधून परातीवर झुलवली. "काकू, परात हळूहळू फिरवा. डावीकडं." उषाबाईने फिरवली. किल्ली आपली एकाच रेषेत इकडून तिकडे, तिकडून इकडे. "आता समजा परातीत एक मुंगी बसली हे. तिला परात फिरलेली कळते का? न्हाई. तिला वाटतं किल्लीच उजवीकडं सरकून राह्यली."

मिस्त्रींनी स्वतः परात एकदा फिरवून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे मी मुंगी."

"आपण सगळेच मुंगी, काका. पृथ्वी ही परात. मोठ्या शहरांतल्या विज्ञान केंद्रांत असा लोलक मुद्दाम टांगतेत, माणसं तिकीट काढून बघायला जातेत. तुम्ही तो बद्रीनाथ काकाच्या विहिरीत फुकटात टांगला."

मिस्त्रींच्या ओठाचा कोपरा हलला. पण लगेच म्हणाले, "ही झाली पुस्तकातली गोष्ट. माझा हात कापतच न्हाई, हे कसं कळंल? मी आता तोंडानं सांगून बसलो. सोमवारी भोकरदनचा मिस्त्री येणार हे."

तो दिवस शुक्रवार होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी बद्रीनाथकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. "पृथ्वी फिरते ते मलाबी माहीत हे," तो म्हणाला. "पण ती माझ्याच विहिरीत कशाला फिरायला लागली? माझी बांधणी होऊ द्यायची मंग कुठंबी फिरायचं."

आत त्याची आई द्वारकाबाई लसूण सोलत होती. तिथूनच बोलली, "बघू दे की त्यांला. विहीर तशीबी कोरडीच हे."

ठरलं. रविवारी सकाळी विहिरीत पुन्हा झोका सोडायचा, पण माणसाचा हात न लावता. हात न लावता तो सोडायचा कसा, ती युक्ती तृप्तीची. ओळंबा एका बाजूला ओढून सुती दोऱ्याने भिंतीतल्या खुंटीला बांधायचा आणि तो दोरा उदबत्तीने जाळायचा. दोरा जळून तुटला की ओळंबा आपोआप सुटणार. मग हात कापण्याचा प्रश्नच नाही. खूण म्हणून तळाला रांगोळीचं कडं. ते काम माझं. मी तीन किलो रांगोळी नेली. तळ झाडून, सारवून घेतला. झोका हळूहळू लहान होत जाईल म्हणून हातभर रुंद पट्टा घातला, ओळंब्याचं टोक लागेल इतका जाड. आयुष्यात इतकी मोठी रांगोळी मी घातली नव्हती, तीही विहिरीच्या तळाशी.

सकाळी आठलाच काठावर अर्धं गाव. कुणी म्हणे पाणी लागणार आहे, कुणी म्हणे मिस्त्री विहिरीत भूत दाखवणार आहेत. मिस्त्री काठावर एका बाजूला हात मागे बांधून उभे होते. तृप्तीबरोबर शिडीने खाली उतरण्याआधी मी मागून बघितलं, ते हात त्यांनी घट्ट धरून ठेवले होते.

मी मनात गणपतीचं नाव घेतलं आणि उदबत्ती दोऱ्याला लावली. दोरा तुटला. ओळंबा निघाला, पण दुसऱ्याच फेरीला वेडावाकडा व्हायला लागला. लांबट गोल फिरू लागला. रांगोळी जागोजागी फिसकटली. वरून हसण्याचा आवाज आला. बद्रीनाथ ओरडून म्हणाला, "मिस्त्री, आता तर तुमचा हातबी न्हाई लागला, तरी वाकडाच."

मिस्त्री वळून चालायला लागले.

तेवढ्यात मला दिसलं. तारेला, गट्टूच्या बरोबर वर, मोगऱ्याचा चांगला मोठा हार अडकून लोंबत होता.

"हा कुणी घातला?"

 वरून द्वारकाबाईचा बारीक आवाज, "मी. तुमी रांगोळी घातली, उदबत्ती आणली, मंग म्हटलं देवाचंच काम आसंल. तुमी वर आल्या तवा पोरांना उतरवून घालायला लावला."

ह्या वेळी सगळेच हसले. पण ह्या हसण्याने मिस्त्रींचे पाय थांबले. ते परत काठावर आले. मी हार काढला, रांगोळी नीट केली, नवीन दोरा बांधला. द्वारकाबाईचा मान राहावा म्हणून तो हार खुंटीला अडकवला. पुन्हा उदबत्ती लावली.

दोरा काळा पडला. लाल ठिणगी झाली. तुटला.

ह्या वेळी ओळंबा सरळ निघाला. घाई नाही, डगमग नाही. चार सेकंदांत तिकडे, चार सेकंदांत इकडे. टोकाने रांगोळीत दोन्ही बाजूंना दोन बारीक चिरा पाडल्या. तृप्ती भिंतीला टेकून घड्याळ बघत होती. वर कुणी बोलत नव्हतं. इतकी माणसं आणि इतकं शांत मी फक्त आरतीनंतर डोळे मिटतात तेव्हा ऐकलंय.

दहा मिनिटांत चीर रुंद झाली. वीस मिनिटांत ती उजवीकडे रांगोळी खात चालली होती. अर्ध्या तासाने मी पहिल्या चिरेपासून बोटं लावून मोजलं. तीन बोटं. समोरच्या बाजूला मोजलं, तिथेही तीन बोटं, तिथेही उजवीकडेच.

"तीन," मी वर ओरडले. "उजवीकडं."

"ध्रुवावर एक दिवस लागतो, आपल्या इथं अख्खी प्रदक्षिणा व्हायला तीन दिवस लागतील," तृप्ती म्हणाली. "पण प्रदक्षिणा त्याची न्हाई. आपली हे. आपण सगळे, विहिरीसकट, त्याच्याभोवती फिरून राह्यलो."

वर कुणीतरी काठाचा दगड गच्च धरला. पडू म्हणून घाबरला असावा. मलाही क्षणभर पायाखालची जमीन जाणवली. खरंच जाणवली.

मिस्त्री शिडीने खाली उतरले. ओळंब्याच्या वाटेतून बाजूला उकिडवे बसले. हात आता मोकळे होते. त्यांनी ते समोर धरले, उलटे केले, बघितले. मग तृप्तीला विचारलं, "पोरी, मंग बिलकुल थांबलेलं काय हे? हा झोका?"

"न्हाई काका. त्याची दिशा ताऱ्यांच्या मानानं टिकून हे, एवढंच. पण तारेबी पळतातच. बिलकुल थांबलेली एक तरी गोष्ट सापडंल म्हणून शास्त्रज्ञांनी लई शोधलं. सापडली न्हाई. मंग म्हणाले, थांबणं म्हणजे कुणाच्या तरी मानानं थांबणं."

"राजूरचा गणपती?" मी विचारलं. माझ्या तोंडून गेलंच.

तृप्ती जरा कचरली. "तोबी फिरतो, आई. आपल्यासोबत."

मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं तो एका जागी बसलाय आणि आपणच धावतोय. तो बरोबर चाललाय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मिस्त्रींनी झोक्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "म्हणजे माझा ओळंबा थांबायचा तवा तो थांबायचा न्हाई. तो भिंतीच्या बराबर चालायचा. अन मी त्याच्या बराबर." गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चालतंय. भिंत बांधायला तेवढं पुरतं."

वर बद्रीनाथने फोन काढला होता. भोकरदनच्या मिस्त्रीला सांगत होता, "उद्या नका येऊ. न्हाई, न्हाई, हात बराबर हे. पृथ्वीचा लोचा व्हता."

सोमवारी मी मुद्दाम गेले. फडक्यातून सोडलेली थापी दगडावर ठेवली होती. मिस्त्रींनी ओळंबा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवला होता, तो लवकर शांत व्हावा म्हणून. ही युक्ती त्यांची स्वतःची, तृप्तीची नाही. सगळे गप्प. काठावर बद्रीनाथला खोकला आला.

"शेट," मिस्त्री वर न बघता म्हणाले, "खोकला तिकडं बांधावर जाऊन काढा."

तो मुकाट्याने गेला. तार सरळ झाली. मिस्त्रींनी दोरी लावून माप घेतलं, आणि माझ्या रांगोळीच्या उरलेल्या पांढऱ्या कडेला पहिला दगड बसवला.