कापसातले केस

कापूस पिंजता पिंजता अनसूयाबाईंचा डोळा लागतो, पण बोटं काही निजत नाहीत. ती वात वळतच राहतात. एकभुक्ताचं जेवण झालंय, चैत्राचं ऊन खिडकीशी आलंय, आणि पाच वाजता दूधवाले ठोंबरे भुरी मांजरीला न्यायला येणार आहेत. त्यांच्या गोठ्यात उंदीर फार झालेत.

भुरी पांढरीशुभ्र. ऊन वाढल्यापासून तिचे केस झडताहेत. उशीवर, सोवळ्यावर, आणि परवा तर निरांजनात. वात तडतडली, जळक्या केसांचा वास देवघरभर झाला. कापूस पांढरा, केसही पांढरे. लक्षवातींचा नेम, साठ हजार वळून झालेल्या; त्यांतल्या किती बाटल्या, कसं कळावं? तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

"अगं, कोरड्या हातानं काय कुरवाळतेस तिला?"

समोर शकूवन्सं बसल्या आहेत. अनसूयाबाईंच्या थोरल्या नणंद. भुरी त्यांचीच. त्यांना जाऊन आठ महिने झाले हे अनसूयाबाईंना ठाऊक आहे, पण तसं तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही.

"चहा टाकू, वन्सं?"

"नको. वाटीत पाणी आण."

पाणी आणायला त्या स्वयंपाकघरात जातात, तर तिथं दवाखान्याचा लांब बोळ आहे. फरशीवरून पांढरे पुंजके घरंगळताहेत. टोकाच्या खाटेवर वन्सं, मांडीवर भुरी.

"इथं मांजर चालतं?"

"आता मला कोण काय म्हणणार?" वन्सं तळवा ओला करतात आणि भुरीच्या मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश ओढतात. केसांची वळी हातात येते. "अंगावर आहेत तोवरच काढायचे, मग घरभर होत नाहीत. रोज. तुझे इतके नेम आहेत, त्यात आणखी एक."

अनसूयाबाईंना बसवत नाही, उभंही राहवत नाही.

"वन्सं, त्या दिवशी मी रोजच्या वाती पुऱ्या करून निघाले."

"ठाऊक आहे."

"चाळीसच राहिल्या होत्या. इथं पोचले, तर..."

"तर मी गेलेली. आधी पोचून काय केलं असतंस? स्तोत्र म्हटलं असतंस. सुटले मी."

अनसूयाबाईंना हसू येत नाही. "भुरीला सांभाळीन म्हणाले होते तुम्हाला."

"म्हणाली होतीस खरी."

एवढंच. हात चालूच आहे. खाटेचा बाक झालाय, बाकापुढं एसटी स्टँड, आणि कुठल्यातरी गाडीचा पुकारा होतोय. गावाचं नाव काही ऐकू येत नाही.

"माझ्या वाती बाटल्या का हो?"

"मला काय विचारतेस? मी काय देवाच्या शेजारी राहते?" वन्सं हातातली वळी बाजूला ठेवतात. "पण एका केसानं ज्याला विटाळ होतो, त्याच्यापुढं लाख वाती लावून तरी काय उपयोग, वहिनी?"

गाडी लागते. वन्सं पदराला हात पुसून उठतात.

"असं अर्धवट सोडून चाललात?"

"मग? सगळं मीच करू?"

गाडीचं दार आपटतं आणि अनसूयाबाई जाग्या होतात. मांडीवरचा कापूस तसाच आहे. घरात दुसरं कोणी नाही. दोन्ही तळवे कोरडे. खिडकीखालच्या उन्हात भुरी पालथी पसरून झोपलीय. तिची उजवी कूस नेहमीसारखी पिंजारलेली, पुंजके सुटलेली. डावी मात्र मानेपासून शेपटीपर्यंत चापून बसलेली, गुळगुळीत. अनसूयाबाई हात लावून बघतात. ओली आहे.

खाली मोटरसायकल थांबते. त्या गॅलरीत जातात.

"ठोंबरे, उगाच खेप पडली तुम्हाला. नाही द्यायची मांजर."

"अहो, सकाळी तर न्या म्हणालात, काकू."

"म्हणाले होते," त्या हळू आवाजात म्हणतात, आणि वाटीत पाणी घ्यायला आत वळतात.