जुन्या तेलाची पळी

तेल खवट का होतं, हा माझा पगारी प्रश्न. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मी तळलेल्या पदार्थांचे नमुने गरम कपाटात ठेवते आणि हवेतला ऑक्सिजन त्यांचं किती वाटोळं करतो ते मोजते. घरी या विषयाला कुणी किंमत देत नव्हतं. मग धाकट्या जावेची चकली परत आली.

ती काचीगुड्याच्या आमच्या घरातून चकली करून विकते. सुलतान बाजारातल्या एका दुकानदाराने तिचा माल ठेवला होता. "बहनजी, ताजा माल बढिया है," तो म्हणाला, "मगर आठ दिन में बू आ री. और एक बार देखता हूँ. फिर ऐसाच हुआ तो दिवाली का आर्डर नक्को."

त्या ऑर्डरच्या भरवशावर जावेने शाळेतली नोकरी सोडली होती.

"ताई, एवढं शिकलात ना, आता कामाला लागा," ती म्हणाली.

लागले. संशयितांची यादी केली: पीठ, तेलाचा डबा, पाकिटं, दुकानातला उजेड. एकेक खोडत गेले. पण आधी दिलेल्या मालातला एक घाणा असा निघाला, की तो जराही खवट झाला नव्हता. पीठ तेच, डबा तोच, पाकीट तेच, दुकानातली फळीही तीच.

"त्या दिवशी वेगळं काय केलंस?"

"काही नाही. आई नारायणगुड्याला वन्संकडे गेल्या होत्या. उलट मलाच सगळं ओढावं लागलं."

पुढच्या घाण्याला मी रजा टाकून ओट्याशी उभी राहिले. जावेने कढईत नवं तेल ओतलं आणि ती पिठाकडे वळली. सासूबाईंनी फळीवरची स्टीलची बरणी काढली, मागच्या तळणीचं पळीभर तेल घेतलं आणि शांतपणे कढईत सोडलं.

"आई, हे काय?"

"कोऱ्या तेलात चकलीला रंग येत नाही. जुन्याचा हात लागावा लागतो."

रंगाचं त्यांचं बरोबर होतं. तेच आधी कबूल केलं, नाहीतर पुढचं ऐकलं नसतं. मग ऑक्सिजन, पेरॉक्साइड वगैरे सांगून पाहिलं. त्या पळी पुसत राहिल्या. शेवटी म्हटलं, "आई, हे विरजण आहे. चमचाभर दह्याने पातेलंभर दूध विरजतं ना, तसं या पळीने अख्खी कढई खवट होते. आज कळत नाही, आठ दिवसांनी कळतं."

त्यांनी जरा विचार केला. "मग हे आधी सांगायचंस. इतकी वर्षं पगार कशाचा घेतेस?"

जाऊ परातीत मान घालून हसली.

ते तेल बाजूला काढलं, कढई घासली आणि निव्वळ नव्या तेलात घाणा काढला. रंग फिका आला. सासूबाईंनी तसं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

आठवडा उलटल्यावर आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने फळीवरचं पाकीट फोडलं, नाकाशी नेलं, एक चकली खाल्ली. मग दुसरी घेतली. जावेने काउंटरखाली माझं मनगट आवळलं होतं. तिसरी चकली मोडत तो म्हणाला, "दिवाली का लिख लेता हूँ. सेव भी बनाते क्या?"

"बनाते ना," जाऊ म्हणाली.

आमच्या सोऱ्याची शेवेची चकती कधीच हरवली होती. भांड्यांचं दुकान पुढच्याच गल्लीत होतं. तिथे ती माझ्या आधी पोचली.