हरभऱ्यातलं काळवीट आणि माझा नेम

मी आयुष्यात एकदाच हरणावर बाण सोडला. तो लागलाही, पण त्या लागण्याशी हरणाचा काही संबंध नव्हता.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. लग्न होऊन मी आंजीला आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. पहिल्या संक्रांतीला माहेरी जायचं म्हणून मी महिनाभर मनातल्या मनात ट्रंक भरत होते. (खरी ट्रंक भरली असती तर सासूबाईंनी ती रिकामी करून त्यात तूर भरली असती.) नेमका त्याच वर्षी हरणांचा कळप आमच्या हरभऱ्यावर उतरला. रोज पहाटे यायचा, पंगतीला बसल्यासारखा जेवायचा आणि ऊन चढलं की जायचा. सासूबाईंनी जाहीर केलं, "पीक राखाले मानसं पुरून नाई राह्यले. हरनं हाकलल्याशिवाय कोनी कुठं जानार नाई."

मी घाबरले आणि घाबरले की मी थापा मारते. म्हटलं, "आमच्या आर्वीकडं हरनाले नुसता तिरकमठा दाखवला तरी पयते. मी सोता एक पाडलं हाय." (पाडलं होतं ते सीताफळ. तेही आपणहून पडायच्या बेतात असलेलं.)

ह्यांना बायकोचा इतका अभिमान वाटला, की संध्याकाळपर्यंत गोंडाच्या पाड्यावरून त्यांनी खराखुरा तिरकमठा मागून आणला. बांबूचं धनुष्य, लोखंडी पात्याचे बाण. ते पाहून वाटलं, सीताफळाचं खरं सांगून टाकावं, पण आता माघार कशी घ्यायची!

अडवलं ते मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. सेवाग्रामला प्रार्थनेला जाऊन जाऊन ते खादीचे आणि अहिंसेचे पक्के झाले होते. जीव मारायचा नाही, असं त्यांनी सासूबाईंना बजावलं. पण हरभराही त्यांचाच होता! ते रात्रभर विचार करत बसले आणि सकाळी तोडगा निघाला: हरणाला बाण लागला तरी चालेल, दुखता कामा नये. मग बाणाचं पातं काढून टोकाला कापूस गुंडाळला, वर चिंधी बांधली. बाण ठेच लागलेल्या अंगठ्यासारखा दिसू लागला. धनुष्याची तात जनावराच्या आतड्याची म्हणून बाद झाली आणि तिच्या जागी मामाजींनी स्वतः कातलेल्या सुताची पीळदार दोरी आली. असं हे खादीचं धनुष्य माझ्या हाती पडलं.

"एकडाव कळप पयवून दाखव," सासूबाई म्हणाल्या, "मंग जाय माहेरी."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तुरीच्या आडोशाला उभी राहिले. हे रिकामा डबा घेऊन नाल्याकडून वळसा घालून गेले. पलीकडून त्यांनी डबा वाजवायचा, कळप माझ्याकडे यायचा आणि मी बाण सोडायचा, असं ठरलं होतं. मामाजींनी घरी थांबावं, अशी मी सासूबाईंकरवी विनंती केली होती. सासऱ्यांसमोर तेव्हा सुना मान वर करत नसत, मी धनुष्य कसं उचलणार? मामाजी हो म्हणाले होते.

उजाडलं. कळपातलं काळवीट माझ्यासमोर असं आडवं उभं राहिलं, की फोटोवाल्याला पैसे देऊन आलं असावं. मी दोरी कानापर्यंत ओढली. डोळ्यांपुढे माहेरचं अंगण दिसत होतं.

तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे घरातली मोठी पुरुषमंडळी सुना असतील तिथे येताना आधी खाकरत. तो आवाज कानी पडला, की सुनेचा हात पदराकडे जायचा. डोक्याला कळायच्या आधी जायचा. मामाजींना घरी राहवलं नव्हतं. आपलं सूत ताण सोसतं की नाही, ते बघायला आले होते.

माझे दोन्ही हात पदराकडे गेले.

बाण काळविटाच्या पाठीवरून निघून गेला. पलीकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हे पायातला काटा काढायला आमच्याकडे पाठ करून वाकले होते. त्याहून मोठं निशाण त्या शिवारात दुसरं नव्हतं.

"आई वं, मेलो!"

हे कोसळले ते थेट डब्यावर. डबा गडगडत नाल्यात गेला आणि त्या आवाजाने सगळा कळप उड्या मारत नाहीसा झाला. मी मात्र नाकापर्यंत पदर घेऊन, खाली मान घालून उभी होते. सून म्हणून माझ्या वागण्यात काही खोट नव्हती.

मामाजी माझ्याशी थेट बोलत नसत, म्हणून ते समोरच्या तुरीला म्हणाले, "सूत मजबूत निंघालं." मग तुरीलाच म्हणाले, "तिकडं कोन पडलं, पाहा म्हना."

हे लंगडत आले. "हरनाले मारून राह्यली होती का मले?"

"तुम्ही मधात काऊन आले?" मी म्हटलं.

घरी सासूबाईंनी मुलाला हळदीचा लेप लावला आणि माझ्यासाठी तिळाचे लाडू बांधायला घेतले. कळप पळाला होता, शब्द म्हणजे शब्द! दुसऱ्याच दिवशी छकडा जुंपला. हे मला पोचवायला आले, पण सगळा रस्ता पालथे पडून.

माहेरी मी महिनाभर मिरवले. सासरी माझे किती लाड, सांगून मैत्रिणींना जळवलं. संक्रांत झाली, न्यायला कोणी आलं नाही. शिवरात्र झाली, तरी कोणी नाही. आई रोज विचारायची, "काऊन वो, कोनी येऊन नाई राह्यलं?" आणि मी वेशीकडे बघत म्हणायची, "त्यायचा जीव मोठा हाय, राहू देते."

शेवटी हरभरा सोंगून खळ्यावर आला, शेत मोकळं झालं, पुन्हा येऊ लागलेली हरणं आपल्या वाटेने गेली. मग माझी गाडी आली. पीक उभं असताना हरीण आणि सून, हे दोन्ही उपद्रव एकाच वेळी शेतात नकोत, एवढंच मामाजींचं म्हणणं होतं.